फ्रँकफर्ट ते लिस्बन: विमानाचं अंतर आणि वेळ स्वतः कशी काढायची

समजा तिकिटावर असं छापलंय: फ्रँकफर्टहून सुटणार १०:००, लिस्बनला पोचणार १२:०५. परतीच्या दिवशी लिस्बनहून १३:००, फ्रँकफर्टला १७:००. म्हणजे जाताना दोन तास पाच मिनिटं आणि येताना चार तास? जर्मनीत नोकरीसाठी किंवा शिकायला नव्याने आलेल्या आपल्या मंडळींना हा प्रश्न हमखास पडतो. पुण्याहून दिल्लीला किंवा मुंबईहून चेन्नईला जाताना घड्याळ तेच असतं, त्यामुळे सुटण्याची वेळ आणि पोचण्याची वेळ यांची वजाबाकी केली की काम झालं. युरोपात तसं करून चालत नाही.

अंतर आणि वेळ सांगणाऱ्या साइट्स भरपूर आहेत, पण एकीवर १,८७५ दिसतं, दुसरीवर १,८९०, तिसरीवर १,१६५. तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात. ते कुठून येतात हे एकदा स्वतः काढून पाहिलं, की कनेक्शन पकडायला किती वेळ ठेवायचा, रात्रीचं विमान घ्यायचं की नाही, उशीर झाल्यावर पैसे मागता येतील का, हे सगळं आपल्याला ठरवता येतं. यासाठी फ्रँकफर्ट–लिस्बन ही जोडी मी मुद्दाम घेतली आहे. अंतर मध्यम आहे, दिशा नैऋत्येची असल्याने वाऱ्याचा परिणाम कळतो, मध्ये घड्याळ बदलतं आणि गोव्यामुळे आपल्याकडच्या अनेक कुटुंबांचा लिस्बनशी प्रत्यक्ष संबंध आहे.

पहिली पायरी: नक्की कुठून कुठे?

शहराचं नाव पाहून थांबू नका, विमानतळाचं तीन अक्षरी सांकेतिक नाव पाहा. फ्रँकफर्टचा मुख्य विमानतळ म्हणजे एफआरए. पण ‘फ्रँकफर्ट-हान’ नावाचाही एक विमानतळ आहे, त्याचं सांकेतिक नाव एचएचएन. तो फ्रँकफर्टपासून सुमारे १२० किलोमीटर दूर, हुन्सऱ्युकच्या डोंगराळ भागात आहे. स्वस्त तिकीट दिसलं म्हणून घेतलं आणि सुटायचं ठिकाण हान निघालं, तर पहाटेच्या बसचा वेगळा हिशेब मांडावा लागतो. मुख्य विमानतळावर जायला मात्र फ्रँकफर्टच्या मध्यवर्ती स्टेशनावरून एस८ किंवा एस९ ही लोकल पकडली की पाव तासात काम होतं.

लिस्बनचं सोपं आहे. सध्या शहराला प्रवासी विमानांसाठी एकच विमानतळ आहे, एलआयएस. अधिकृत नाव उंबेर्तु देलगादु, लोक जुन्या सवयीने पोर्तेला म्हणतात. तो शहराच्या इतका जवळ आहे की मेट्रोच्या लाल मार्गाने थेट जाता येतं. एकच लक्षात ठेवा: येणारे सगळे प्रवासी टर्मिनल १ वर उतरतात, पण काही स्वस्त कंपन्यांची विमानं टर्मिनल २ वरून सुटतात, आणि तिथे जायला शटल बस घ्यावी लागते. परतीच्या दिवशी त्यासाठी वेगळा वेळ ठेवा.

साइटवरच्या १,८७५ आणि १,८९० मधला फरक इथूनच येतो. पहिला आकडा दोन विमानतळांमधला आहे, दुसरा दोन शहरांच्या मध्यांमधला. तिसरा, १,१६५, हा मैलांमध्ये आहे. वैमानिक ज्यात मोजतात त्या सागरी मैलांत हेच अंतर साधारण १,०१२ भरतं, कारण एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर.

दुसरी पायरी: अंतर काढा, कागदावर

शाळेतला भूगोल आणि पायथागोरस एवढ्यावर हे जमतं. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्या. फ्रँकफर्ट: ५०.०३ उत्तर, ८.५७ पूर्व. लिस्बन: ३८.७८ उत्तर, ९.१४ पश्चिम.

आधी उत्तर-दक्षिण अंतर. अक्षांशांतला फरक ११.२५ अंश. एका अंशाला सुमारे १११ किलोमीटर, म्हणून ११.२५ × १११ = १,२४९ किलोमीटर.

आता पूर्व-पश्चिम, आणि इथे सांभाळा. फ्रँकफर्ट ग्रीनिचच्या पूर्वेला आहे, लिस्बन पश्चिमेला. त्यामुळे रेखांशांची वजाबाकी न करता बेरीज करायची: ८.५७ + ९.१४ = १७.७१ अंश. भारतातली सगळी शहरं पूर्व रेखांशावर असल्याने आपल्याला वजाबाकीचीच सवय असते. तशी इथे केली तर लिस्बन थेट फ्रँकफर्टच्या खाली येतं आणि अंतर १,२५० च्या आसपास निघतं, म्हणजे सहाशेहून जास्त किलोमीटर गायब.

रेखांशाचा अंश सगळीकडे १११ किलोमीटरांचा नसतो. विषुववृत्तापासून वर जाल तसा तो आक्रसतो. म्हणून दोन्ही अक्षांशांची सरासरी काढा (४४.४ अंश), मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर तिचा कोसाइन घ्या (०.७१४) आणि गुणा: १७.७१ × १११ × ०.७१४ = १,४०४ किलोमीटर.

आता काटकोन त्रिकोण. १,२४९ चा वर्ग १५,६०,००१ आणि १,४०४ चा वर्ग १९,७१,२१६. बेरीज ३५,३१,२१७. वर्गमूळ १,८७९.

पृथ्वीची गोलाई धरून काटेकोर गणित केलं तर उत्तर १,८७५ येतं. म्हणजे कागदावरच्या हिशेबात फक्त चार किलोमीटरांची तफावत. पहिल्यांदा हे जमतं तेव्हा फार समाधान वाटतं, आणि शाळकरी मुलं घरात असतील तर त्यांना जवळ बसवून करून दाखवावं असंच हे गणित आहे.

ही रीत युरोपातल्या युरोपात वापरा, लांबच्या अंतरांना नको. मुंबई–फ्रँकफर्ट याच रीतीने काढाल तर ६,८०० किलोमीटर येतात, प्रत्यक्षात ते सुमारे ६,५७० आहेत. इतक्या लांबवर सपाट कागदाची रीत टिकत नाही, तिथे बृहद्वृत्ताचं (गोलावरून जाणाऱ्या सर्वांत जवळच्या वाटेचं) सूत्र किंवा ‘ग्रेट सर्कल मॅपर’सारखी साइट हवी. गुगल मॅप्सवर एका ठिकाणी राइट-क्लिक करून अंतर मोजण्याची सोय आहे, तीही चालते.

घरात पृथ्वीगोल असेल तर दोन शहरांवर दोरा ताणून धरा. दोरा फ्रान्स तिरका कापत अटलांटिकच्या काठावर येतो. बरोबर अर्धं अंतर पडतं ते बोर्दोच्या पश्चिमेला, आर्काशोंच्या खाडीपाशी. तिथून पुढे बिस्केच्या उपसागराचा कोपरा, मग उत्तर स्पेन आणि शेवटी पोर्तुगाल. खिडकीची जागा मिळाली आणि आभाळ स्वच्छ असेल तर साधारण अर्ध्या वाटेवर खाली सरळसोट वाळूचा किनारा आणि त्यात आत शिरलेली त्रिकोणी खाडी दिसते का पाहा.

तिसरी पायरी: विमान सरळ रेषेत जात नाही, त्याची भर घाला

१,८७५ हे कमीत कमी अंतर. प्रत्यक्षात विमान थोडं जास्तच उडतं. धावपट्टीची दिशा, लष्करी सरावासाठी राखलेलं आकाश, गर्दीचे भाग, वादळं या सगळ्यांना वळसे पडतात. हिशेबासाठी मी चार टक्के वाढवते, म्हणजे १,९५० किलोमीटर.

लिस्बनला यातला एक वळसा अगदी डोळ्यांनी दिसतो. तिथे बऱ्याचदा उत्तरेकडून वारा असतो, आणि विमानं वाऱ्याच्या तोंडावर उतरतात. त्यामुळे ईशान्येकडून आलेलं आपलं विमान आधी शहर बाजूला ठेवून दक्षिणेला जातं, तिथून वळतं, तेजू नदी ओलांडतं आणि घरांच्या छपरांवरून खाली येत धावपट्टी गाठतं. नकाशावर पोचल्यासारखं वाटूनही आणखी काही मिनिटं जातात ती यामुळे. गर्दीच्या वेळी त्याआधी हवेत घिरट्याही घालाव्या लागतात.

मधलं आकाश कोणाचं आहे यालाही महत्त्व आहे. या मार्गाचा मोठा हिस्सा फ्रान्सवरून जातो. फ्रान्सच्या हवाई नियंत्रकांचा संप असला की जर्मनीहून पोर्तुगालला जाणाऱ्या, फ्रान्समध्ये न उतरणाऱ्या विमानांनाही उशीर होतो. आणि काही वेळा तर अंतराला अर्थच उरत नाही. वॉर्सा–कीव्ह हे जेमतेम ७०० किलोमीटर, पण २४ फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचं आकाश प्रवासी विमानांना बंद झालं आणि लोक रेल्वेने, बसने जाऊ लागले. त्याच युद्धामुळे रशियाचं आकाश बंद झाल्यावर हेलसिंकी–टोकियो हा साडेनऊ तासांच्या आसपासचा प्रवास सुमारे तेरा तासांवर गेला. दोन शहरं जागची हलली नव्हती.

चौथी पायरी: तास

या मार्गावर सहसा एअरबस ए३२० च्या जातीची विमानं असतात. उंचीवर त्यांचा वेग ध्वनीच्या वेगाच्या ०.७८ पटीच्या आसपास, म्हणजे ताशी साधारण ८३० किलोमीटर. १,९५० ला ८३० ने भागा: दोन तास एकवीस मिनिटं.

पण वर चढताना आणि उतरताना हा वेग नसतो, आणि जमिनीवर धावपट्टीपर्यंत जाण्यातही वेळ जातो. यासाठी चाळीस मिनिटं मिळवा. उत्तर तीन तास एक मिनिट. विमान कंपन्यांच्या वेळापत्रकातही या मार्गाला तीन तासांच्या आसपासच वेळ धरलेला असतो.

हाच हिशेब दुसऱ्या जोड्यांवर लावून बघा. पॅरिस शार्ल द गोल ते रोम फ्युमिचिनो १,१०० किलोमीटर: चार टक्के वाढवा, ८३० ने भागा, चाळीस मिनिटं मिळवा, दोन तास तीन मिनिटं येतील. लंडन हीथ्रो ते अथेन्स २,४२५ किलोमीटर: तीन तास बेचाळीस. दोन्ही उत्तरं वेळापत्रकाच्या अगदी जवळ जातात.

तिकिटावरचा वेळ म्हणजे ज्याला विमानवाले ब्लॉक टाइम म्हणतात तो. विमान गेटवरून मागे ढकललं जातं तिथपासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभं राहीपर्यंतचा. ‘टेकऑफ दहाला’ असं त्यात कुठेही म्हटलेलं नसतं. परतीला फ्रँकफर्टच्या वायव्य धावपट्टीवर उतरलात तर हे चांगलं लक्षात येईल. ही धावपट्टी २०११ मध्ये सुरू झाली, फक्त उतरण्यासाठी आहे, आणि ती ए३ मोटरवेच्या पलीकडे आहे. चाकं टेकल्यावर विमान पुलावरून मोटरवे ओलांडतं, खाली गाड्या धावताना दिसतात, आणि टर्मिनल अजून दूर असतं. उतरलो म्हणून लगेच उठून बॅगा काढू नका.

वारा

युरोपावर वरच्या थरात वारे मुख्यतः पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, हिवाळ्यात अधिक जोराने. लिस्बनला जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. ताशी ८० किलोमीटरांचा वारा थेट समोर असेल तर जमिनीच्या हिशेबाने वेग ७५० होतो, पाठीशी असेल तर ९१०. १,८७५ किलोमीटरांना पहिल्या वेगाने अडीच तास, दुसऱ्याने दोन तास चार मिनिटं. म्हणजे एकाच मार्गावर सव्वीस मिनिटांचा फरक निव्वळ वाऱ्याचा. कंपन्या वर्षभराचा अनुभव धरून वेळापत्रक लावतात, त्यामुळे कागदावर जाण्या-येण्यातला फरक थोडाच दिसतो, आणि अनुकूल वाऱ्याच्या दिवशी विमान वेळेआधी पोचतं. प्रत्यक्ष काय होतंय ते पाहायचं तर विमानांचा माग दाखवणाऱ्या फ्लाइटरडार२४ या साइटवर आपल्या विमानाचा क्रमांक टाकून मागच्या आठवड्यातली उड्डाणं बघा. वेळापत्रकापेक्षा मला ही माहिती जास्त भरवशाची वाटते.

पाचवी पायरी: घड्याळ

आता सुरुवातीचं कोडं. जर्मनी पोर्तुगालच्या एक तास पुढे आहे. दहाला निघून तीन तास पाच मिनिटं उडलात तर फ्रँकफर्टच्या घड्याळात १३:०५ झालेले असतात आणि लिस्बनच्या १२:०५. परतताना एकला निघून तीन तास, म्हणजे लिस्बनचे चार, फ्रँकफर्टचे पाच. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या गावची स्थानिक वेळ असते. म्हणून पश्चिमेला जाताना वजाबाकीच्या उत्तरात एक तास मिळवा, पूर्वेला येताना एक तास कमी करा. दोन्हीकडे तीन तास हाती येतील.

मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी दोन्ही देश एकाच क्षणी घड्याळ बदलतात, त्यामुळे आपसातला एक तासाचा फरक वर्षभर कायम राहतो. भारताशी असलेला फरक मात्र बदलतो. हिवाळ्यात भारत फ्रँकफर्टच्या साडेचार तास आणि लिस्बनच्या साडेपाच तास पुढे, उन्हाळ्यात साडेतीन आणि साडेचार. घरी ‘पोचल्यावर फोन करते’ असं सांगताना हे बघून सांगा, म्हणजे आई-बाबा उगाच रात्री जागत बसणार नाहीत. लिस्बनहून पुढे अझोर्स बेटांवर जाणार असाल तर तिथे आणखी एक तास मागे जावं लागतं.

मुंबईहून निघून फ्रँकफर्टला बदलणार असाल तर

मुंबई–लिस्बन हे थेट अंतर सुमारे ८,०२० किलोमीटर. फ्रँकफर्टमार्गे ६,५७० अधिक १,८७५, म्हणजे ८,४४५. सव्वाचारशे किलोमीटर जास्त. दुबई मात्र या रेषेच्या जवळजवळ वरच आहे, दुबईमार्गे बेरीज ८,०६५ च्या आसपासच येते. तरी एवढ्यावरून मार्ग ठरवू नका, कारण मधल्या थांब्याचे तास हा फरक केव्हाच गिळून टाकतात.

फ्रँकफर्टला बदलताना शेंगेनमध्ये, म्हणजे आपसात सीमेवर पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, प्रवेश तिथेच होतो. पासपोर्टची रांग, पुन्हा सुरक्षा तपासणी आणि मग लांबलचक चालणं हे सगळं पुढचं विमान सुटण्याआधी उरकायचं असतं. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपीय संघाची नवी नोंदणी पद्धत टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागली. तिच्यात अल्पकालीन व्हिसावर येणाऱ्यांचा चेहरा नोंदवतात, बोटांचे ठसे व्हिसाच्या वेळीच घेतलेले असतात. एकाच तिकिटावर ४५ मिनिटांचं कनेक्शन विकलं जाऊ शकतं, पण पहिल्यांदा येणाऱ्याने, विशेषतः आई-वडील एकटे येत असतील तर, दोन तासांपेक्षा कमी वेळ ठेवू नये असं माझं ठाम मत आहे. पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेल्या गोमंतकीय कुटुंबांत एकाचा पासपोर्ट युरोपीय आणि दुसऱ्याचा भारतीय असं पुष्कळदा असतं. रांगा वेगळ्या लागल्या तर कुठे भेटायचं ते विमानातच ठरवून ठेवा.

फ्रँकफर्ट–लिस्बन हा पुढचा टप्पा शेंगेनच्या आतला आहे, त्याला पुन्हा इमिग्रेशन नाही. तरी पासपोर्ट आणि असल्यास जर्मनीचं रहिवासी कार्ड हातातल्या बॅगेत असू द्या.

दारापासून दारापर्यंत

तीन तासांचा विमानप्रवास म्हणजे पूर्ण दिवसातला निम्मा प्रवास. घर ते फ्रँकफर्ट विमानतळ एक तास, तिथे दोन तास आधी, विमानाचे तीन, बॅग येईपर्यंत अर्धा, मेट्रोने हॉटेलपर्यंत आणखी अर्धा-पाऊण. सात तास सहज. तरीही इथे विमानच बरं. रस्त्याने सव्वादोन हजारांहून जास्त किलोमीटर आहेत, आणि फ्रान्सच्या सीमेवरून लिस्बनला येणारी रात्रीची रेल्वे २०२० मध्ये थांबली.

परतीला शेवटचं विमान शक्यतो टाळा. फ्रँकफर्टला रात्री ११ ते पहाटे ५ नियोजित उड्डाणांना बंदी आहे. लिस्बनमध्ये उशीर वाढत गेला तर विमान दुसरीकडे वळवलं जाण्याची किंवा रद्द होण्याची शक्यता असते, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिस असेल तर फार ओढाताण होते.

अंतराचे पैसे

आपण काढलेलं अंतर इथे थेट कामाला येतं. युरोपीय संघाच्या २६१/२००४ या नियमानुसार विमान कंपनीच्या चुकीने तुम्ही तीन तास किंवा त्याहून उशिरा पोचलात तर भरपाई अंतरावर ठरते: १,५०० किलोमीटरपर्यंत २५० युरो, संघाच्या आतल्या आतल्या प्रवासात त्यापुढे ४०० युरो, आणि संघाबाहेरच्या ३,५०० किलोमीटरांवरच्या प्रवासाला ६०० युरोपर्यंत. अंतर बृहद्वृत्तानेच मोजतात, विमान प्रत्यक्ष किती उडालं याला महत्त्व नाही. फ्रँकफर्ट–लिस्बन १,८७५, म्हणून ४०० युरो. रेखांशांची वजाबाकी करून १,२५० काढणारा माणूस २५० वरच समाधान मानेल.

एकाच बुकिंगवर कनेक्शन असेल तर पहिल्या सुटण्याच्या ठिकाणापासून शेवटच्या ठिकाणापर्यंतचं थेट अंतर धरतात. मुंबईहून युरोपीय कंपनीने फ्रँकफर्टमार्गे लिस्बनला निघालात आणि कनेक्शन चुकून तीन तासांहून उशिरा पोचलात, तर मुंबई–लिस्बनचे ८,०२० किलोमीटर मोजले जातात.

‘पोचलो’ कधी म्हणायचं हेही युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१४ मध्ये ठरवून दिलंय: चाकं टेकली तेव्हा नव्हे, विमानाचा एक तरी दरवाजा उघडला तेव्हा. उशीर तीन तासांच्या काठावर असेल तर दरवाजा उघडताच मोबाइलवर वेळ दिसेल असा फोटो काढून ठेवा. वादळ किंवा नियंत्रकांचा संप ही कारणं असामान्य परिस्थितीत मोडतात, त्यांना रोख भरपाई नाही, पण लांबलेल्या प्रतीक्षेत खाणंपिणं आणि रात्र काढावी लागली तर हॉटेल देणं कंपनीला तरीही बंधनकारक आहे. या नियमात बदल करण्याची चर्चा बरीच वर्षं चालू आहे, तेव्हा अर्ज करण्यापूर्वी सध्याची रक्कम आणि तासांची मर्यादा युरोपीय संघाच्या अधिकृत साइटवर पाहून घ्या, आणि अर्ज आधी थेट विमान कंपनीकडेच करा. मध्यस्थ साइट्स मिळालेल्या रकमेतून आपला मोठा वाटा कापून घेतात.